मार्च मॅडनेसचे स्क्वेअर्स: शंभर घरांचा खेळ नीट कसा चालवायचा?

खडूफळा
मार्च तोंडावर आला की आमच्या इथल्या (रॅली, नॉर्थ कॅरोलायना) मराठी ग्रुपवर "यंदा स्क्वेअर्स आहेत ना?" सुरू होतं. काही वर्षांपासून तो कारभार माझ्याकडे आहे, आणि दरवेळी दुसऱ्या गावातलं कोणीतरी विचारतंच की तुम्ही नक्की कसं करता, म्हणून म्हटलं इथे सविस्तर लिहावं, तुमच्या पद्धतीही कळतील.

ज्यांना काहीच माहिती नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. मार्च मॅडनेस म्हणजे एनसीएएची (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना) कॉलेज बास्केटबॉल स्पर्धा, ६८ टीम. पहिल्या चार मॅचेस मंगळवार-बुधवारी ओहायोत डेटनला होतात, त्या आम्ही धरत नाही. गुरुवारी दुपारी ६४ टीम उरलेल्या असतात आणि तिथून फायनलपर्यंत ६३ मॅचेस, सगळ्या बाद पद्धतीच्या. ब्रॅकेट भरायचा (म्हणजे कुठली मॅच कोण जिंकणार ते सगळं आधीच लिहून द्यायचं) तर टीमची थोडीफार माहिती लागते, आणि पहिल्या दोन दिवसांतच निम्म्या लोकांच्या ब्रॅकेटचा निकाल लागलेला असतो, मग ते पुढचे अडीच आठवडे बघतच नाहीत. स्क्वेअर्सचं तसं नाही. खेळ कळत नसला तरी चालतो, भारतातून आलेले आईबाबासुद्धा घर घेतात आणि शेवटच्या मिनिटाला टीव्हीसमोर उभे असतात.

१० बाय १० चा तक्ता, १०० घरं. लोक आपापल्या नावाने घरं घेतात. सगळी भरली की ० ते ९ च्या चिठ्ठ्या काढून ते आकडे वर आडवे लावायचे, मग पुन्हा सगळ्या चिठ्ठ्या डब्यात टाकून डावीकडे उभे लावायचे. वरचा आकडा जिंकलेल्या टीमच्या स्कोअरचा शेवटचा, डावीकडचा हरलेल्या टीमचा. सुपर बोलला (अमेरिकन फुटबॉलची फायनल) टीम दोनच असतात म्हणून एक बाजू एका टीमला देता येते, इथे ६३ मॅचेस त्याच तक्त्यावर, त्यामुळे जिंकलेली आणि हरलेली असंच धरावं लागतं. २०२५ ची फायनल बघा, फ्लोरिडा ६५, ह्यूस्टन ६३. वर ५, डावीकडे ३, तिथे ज्याचं नाव त्याचं बक्षीस.

आमचं घर १० डॉलरचं, म्हणजे १००० जमतात. वाटप असं:
पहिली फेरी ३२ मॅचेस, प्रत्येकी ८
दुसरी फेरी १६, प्रत्येकी १२
स्वीट सिक्स्टीन ८, प्रत्येकी २०
एलिट एट ४, प्रत्येकी ३५
सेमीफायनल २, प्रत्येकी ६०
फायनल १३२
बेरीज बरोबर १००० येते, चालवणाऱ्याला शून्य.

या सगळ्यात मला एकच गोष्ट जीव तोडून सांगायचीये. शेवटच्या घराचे पैसे येईपर्यंत आकडे काढायचे नाहीत, आणि काढायचे ते सगळ्यांसमोर. बाकी वाटप कसंही करा.

निशिगंध
छान धागा! आमच्याकडे उलटं चालतं, आकडे आधीच छापलेला तक्ता येतो आणि मग लोक घरं निवडतात. त्यात एवढं काय बिघडतं? बास्केटबॉलमधे सगळे आकडे सारखेच पडतात ना, अमेरिकन फुटबॉलसारखं ७ आणि ३ चं प्रस्थ नाही, तिथे स्कोअर बहुधा ७ नाहीतर ३ ने वाढतो.

खडूफळा
निशिगंध, एकेकटा आकडा घेतला तर तुमचं बरोबर आहे, बास्केटबॉलमधे एक-दोन-तीनने स्कोअर वाढतो आणि ६०-७० च्या पुढे जातो त्यामुळे शेवटचा आकडा बऱ्यापैकी कुठलाही येतो. पण इथे जोडी बघायची असते. तक्त्यातली ०-०, १-१, २-२ अशी दहा घरं घ्या. त्यांना बक्षीस लागायचं तर मॅच बरोबर १० ने, २० ने किंवा ३० ने जिंकायला हवी. बाकीच्या प्रत्येक फरकाला एक छोटा फरकसुद्धा असतो, म्हणजे ३ ने जिंका, १३ ने जिंका, २३ ने जिंका, जोडी त्याच जातीची येते. सारख्या आकड्यांना तो छोटा फरक शून्याचा झाला असता, आणि बास्केटबॉलमधे बरोबरी ठेवतच नाहीत, ओव्हरटाइम होतो. त्यामुळे ही दहा घरं मुळातच कमजोर.

आता आकडे आधी दिसत असतील तर ज्याला हे कळतं तो ती घरं सोडून घेणार, आणि उरलेली दहा घरं शेवटी कोणाच्या गळ्यात पडणार? जो ऑफिसातून उशिरा मेसेज बघतो त्याच्या, नाहीतर ज्याला यातलं ओ की ठो माहिती नाही त्या नवीन आलेल्या कुटुंबाच्या. म्हणून आकडे नंतर.

पुणे_ते_पर्ड्यू
कमजोर आहेत पण मेलेली नाहीत हां. २०१८ ला यूएमबीसीने व्हर्जिनियाला हरवलं तो स्कोअर आठवतोय का, ७४-५४! १६ व्या मानांकनाने पहिल्या मानांकनाला हरवायची पुरुषांच्या स्पर्धेतली पहिलीच वेळ, आणि घर कुठलं तर ४-४. त्या वर्षी आमच्या लॅबमधल्या एका मुलाला ते लागलं होतं. (२०२३ ला आमच्यावर तीच पाळी आली, फेअरली डिकिन्सन ६३, पर्ड्यू ५८, ते आठवलं की अजून पोटात तुटतं, त्याबद्दल इथे जास्त बोलत नाही.)

खडूफळा
४-४ चं उदाहरण मस्त दिलंत, ते ग्रुपवर टाकणार. ज्यांना सारखे आकडे येतात त्यांचा चेहरा ड्रॉच्या वेळी पडतो, त्यांना सांगायला बरं.

शार्लटची_सई
आम्ही सारख्या आकड्यांवर तोडगा काढलाय, हाफटाइमचंही बक्षीस ठेवतो. हाफटाइमला पुढे असलेली टीम वर, मागे असलेली डावीकडे. आणि हाफटाइमला बरोबरी होऊ शकते! ३५-३५ झालं की ५-५ ला लागलं. २०२२ ची फायनल बघा, हाफटाइमला नॉर्थ कॅरोलायना ४०, कॅन्सस २५, म्हणजे ०-५. शेवटी कॅन्सस ७२, नॉर्थ कॅरोलायना ६९, म्हणजे २-९, आणि वर-खाली टीमसुद्धा बदलल्या. मॅच हरल्याचं दुःख होतंच पण आमच्या शेजारच्या काकूंना हाफटाइमचे पैसे मिळाले होते. फक्त सगळ्या ६३ मॅचेसना करू नका, हिशोब ठेवता ठेवता जीव जातो, आम्ही एलिट एटपासून पुढे करतो.

रानवारा
मी नेब्रास्कात, आमच्या गावात मराठी घरं मोजून वीस-पंचवीस. १०० घरं खपतच नाहीत, मागे कोणीतरी सुरू केलं होतं ते साठावर अडकलं आणि उरलेली घरं "हाऊस"च्या नावाने ठेवली, मग पहिल्याच दिवशी चार-पाच मॅचेस त्या रिकाम्या घरांवर गेल्या आणि पैशाचं काय यावर भरपूर चर्चा झाली. छोट्या ग्रुपने काय करावं?

खडूफळा
रानवारा, रिकामं घर अजिबात ठेवू नका, भांडणाचं मूळ तेच. ५ बाय ५ चा तक्ता करा. २५ घरं, आणि प्रत्येक रांगेला एकाऐवजी दोन आकडे. म्हणजे वर पहिल्या रांगेला समजा ३ आणि ८ आले, डावीकडे ० आणि ५, तर त्या घराला ३-०, ३-५, ८-०, ८-५ अशा चारही जोड्या चालतात. प्रत्येक कुटुंबाला एक घर, कोणी राहिलं नाही, काही रिकामं नाही. पन्नास खपत असतील तर एका बाजूला दहा रांगा एकेका आकड्याच्या आणि दुसऱ्या बाजूला पाच रांगा जोडीच्या.

आणि खरं सांगायचं तर २५ घरांचा खेळ जास्त रंगतो. १०० घरांत ६३ मॅचेस म्हणजे ढोबळ हिशोबाने एका घराला एकदाही न लागायची शक्यता ०.९९ चा ६३ वा घात, साधारण ५३ टक्के येते. निम्म्याहून जास्त घरं पूर्ण स्पर्धा कोरडी जाणार. ज्याच्याकडे एकच घर आहे त्याला हे आधी सांगून ठेवा. दोन घरं असतील तर कोरडं राहायची शक्यता २८ टक्क्यांवर येते, चार घरं असतील तर ८ च्या आत. २५ च्या तक्त्यात प्रत्येकाकडे चार जोड्या असतातच, त्यामुळे बहुतेकांना एकदा तरी काहीतरी लागतं.

अण्णा_एडिसन
धागा वाचतोय. वाईट वाटून घेऊ नका, पण आकडा लावायचा, शेवटचा अंक बघायचा, पैसे घ्यायचे, हा मटकाच झाला की. आमच्या गिरणगावात आकड्यापायी पगाराच्या दिवशी घरी रिकाम्या हाताने आलेली माणसं मी लहानपणी पाहिलीत. तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतंय, पण मुलांसमोर हे करावं का, आणि या देशात हे कायद्यात बसतं का, दोन्ही सांगा.

खडूफळा
अण्णा, वाईट अजिबात नाही वाटलं, हा प्रश्न यायलाच हवा होता. पहिल्या भागाबद्दल, मटक्यात माणूस रोज लावत राहतो आणि मधला खिसा भरतो. इथे वर्षातून एकदा, ठरलेली रक्कम, एका कुटुंबाला जास्तीत जास्त पाच घरं ही आमची मर्यादा आहे, ड्रॉनंतर एक डॉलरसुद्धा वाढवता येत नाही आणि मधला कोणी नाही. तरी ज्यांना पैसे नको वाटतात त्यांचं मला पटतं. आमच्या मुलांचा तक्ता वेगळा असतो, बिनपैशाचा, लागलेल्याने पुढच्या गेट-टुगेदरला आइस्क्रीमचा फ्लेवर ठरवायचा. मुलं आमच्यापेक्षा जोरात ओरडतात.

कायद्याचं राज्यागणिक वेगळं आहे. २०१८ ला सुप्रीम कोर्टाने खेळांवरच्या बेटिंगवरची केंद्राची बंदी उठवली ती राज्यांना आपापले कायदे करायला मोकळीक म्हणून, घरगुती पूल (पैसे एकत्र जमवून खेळायचा असा खेळ) सगळीकडे चालतो असा त्याचा अर्थ नाही. टेक्सासमधे उदाहरणार्थ खाजगी जागा, जिंकण्यापलीकडे कोणालाही आर्थिक फायदा नाही आणि सगळ्यांना सारखी संधी, या तिन्ही गोष्टी असतील तर बचाव मिळतो. काही राज्यं एवढी सवलत देत नाहीत, युटामधे तर लॉटरीसुद्धा नाही. आपापल्या राज्याचं वाचा. आणि चालवणाऱ्याने स्वतःसाठी किंवा "खर्चासाठी" म्हणून टक्का काढला की बहुतेक ठिकाणी प्रकरण बदलतं, म्हणून आमच्याकडे प्रिंटआउटचे पैसेसुद्धा त्यातून घेत नाही.

ढोलताशा
मंडळाच्या नावाने केलं तर चालेल का? गणपतीच्या फंडासाठी निम्मे पैसे ठेवायचे, निम्मे वाटायचे असं आमच्या कमिटीत चाललंय.

अण्णा_एडिसन
ढोलताशा, हे मात्र करू नका. मी दोन टर्म खजिनदार होतो. मंडळ नॉनप्रॉफिट म्हणून नोंदवलेलं असेल तर नशिबावर बक्षीस देऊन पैसे गोळा करायला इथे न्यू जर्सीत नोंदणी आणि लायसन्स लागतं, इतरही बऱ्याच राज्यांत तसंच आहे. मंडळाच्या ईमेलवरून तक्ता फिरवला तरी तो मंडळाचाच समजला जाणार. मित्रांचा खेळ मित्रांत ठेवा, गणपतीची वर्गणी वेगळी मागा.

खडूफळा
अण्णांना पूर्ण अनुमोदन. आमचा तक्तासुद्धा मंडळाच्या ग्रुपवर कधी जात नाही, वेगळा ग्रुप आहे. अजून एक, पेमेंट अ‍ॅपवर पैसे मागवायच्या आधी त्या अ‍ॅपचे नियम वाचा, जुगाराच्या पैशाला बऱ्याच ठिकाणी मनाई आहे. आम्ही रोख घेतो. आणि जिंकलेली रक्कम इथे उत्पन्नात धरतात, कितीही लहान असली तरी, ते ज्याचं त्याने बघायचं.

पुणे_ते_पर्ड्यू
एक महत्त्वाचं राहिलं! ज्यांची मुलं कॉलेजात खेळतात त्यांनी वाचा. एनसीएएच्या नियमाप्रमाणे खेळाडूला कॉलेजच्या खेळांवर पैसे लावायला बंदी आहे, आणि पैसे भरून बक्षीस असलेले पूल, ब्रॅकेट हे सगळं त्यात येतं. तो बास्केटबॉलच खेळत असला पाहिजे असं नाही, टेनिस, स्विमिंग, गोल्फ, काहीही असो. अ‍ॅथलेटिक डिपार्टमेंटमधे नोकरी करणाऱ्यांनाही तेच. आपली मराठी मुलं आता बऱ्याच टीम्समधे आहेत, कौतुकाने त्यांच्या नावाने घर घेऊ नका, पाच-दहा डॉलरपायी त्यांचं खेळणं बंद व्हायचं.

शार्लटची_सई
बाप रे, हे माहिती नव्हतं. आमच्या ग्रुपमधे एक मुलगी टेनिसवाली आहे, आजच कळवते तिच्या आईला.

निशिगंध
खडूफळा, तुमचे लिहिलेले नियम टाकाल का? आमच्याकडे सगळं तोंडी असतं आणि मग ओव्हरटाइम झाला की वाद, कोणी म्हणतं चाळीस मिनिटांचा स्कोअर धरा.

खडूफळा
टाकतो, क्रमवारी न लावता जसं ग्रुपवर आहे तसंच.

स्कोअर शेवटचा, ओव्हरटाइम धरून. चाळीस मिनिटांचा धरला तर ओव्हरटाइमच्या प्रत्येक मॅचला बरोबरी येणार आणि जिंकलेलं कोण तेच ठरणार नाही. २०१९ ची फायनल व्हर्जिनिया ८५, टेक्सास टेक ७७, ओव्हरटाइममधे गेली होती, घर ५-७. एनसीएएच्या साइटवरचा निकाल अंतिम, टीव्हीच्या पट्टीवरचा नाही.

मॅच झालीच नाही तर त्या मॅचचे पैसे फायनलला मिळतात. हे कोणाला सुचत नाही पण २०२१ ला झालंय, ओरेगन आणि व्हीसीयूची पहिल्या फेरीची मॅच कोविडमुळे खेळलीच गेली नाही आणि ओरेगन तशीच पुढे गेली. स्कोअर नाही तर घर कुठलं? आणि स्पर्धाच रद्द झाली तर सगळ्यांचे पैसे परत, २०२० ला १२ मार्चला स्पर्धा रद्द झाली तेव्हा खूप ठिकाणी पैसे जमायला लागले होते.

पैसे बुधवारी रात्रीच्या ड्रॉच्या आधी. गुरुवारी पूर्व किनाऱ्यावर दुपारी बाराच्या सुमाराला पहिली मॅच सुरू होते (कॅलिफोर्नियावाल्यांनो, तुमचे सकाळचे नऊ), त्यामुळे गुरुवारी सकाळी देतो म्हणणाऱ्याचं घर वेटिंग लिस्टवाल्याला जातं. नाव लिहिलं म्हणजे घर पक्कं नाही, पैसे आले म्हणजे पक्कं.

ड्रॉ बुधवारी रात्री नऊला व्हिडिओ कॉलवर. कंप्यूटरने आकडे काढता येतात पण मी चिठ्ठ्याच काढतो, स्टीलच्या डब्यातून, आणि काढतं कोणीतरी लहान मूल, चिठ्ठी कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवायची, दुसरं माणूस शीटमधे भरणार. कंप्यूटरवर कोणी शंका घेत नाही असं नाही, पण डब्यातली चिठ्ठी उघडताना सगळे बघत असतात, मग आठवडाभराने "माझे आकडे असे कसे आले" हा मेसेज येत नाही. ड्रॉ झाला की लगेच शीट सगळ्यांसाठी फक्त बघण्यापुरती करायची आणि स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायचा. तो स्क्रीनशॉट म्हणजे आमचा सातबारा.

शीटमधे स्कोअर भरला की १० ने भागून बाकी काढायचा फॉर्म्युला, त्यावरून नाव आपोआप येतं. तरी पहिल्या दोन दिवसांत रोज १६ मॅचेस असतात, मदतीला एक माणूस घ्याच.

रानवारा
५ बाय ५ वालं आमच्या ग्रुपला एकदम आवडलं, करतोय! एक विचारायचं होतं, आकडे सगळ्या फेऱ्यांना तेच ठेवायचे की दर फेरीला नवीन काढायचे?

खडूफळा
दर फेरीला काढणं गणिताने सगळ्यात न्याय्य, ज्याला सारखे आकडे आले तो अडकून राहत नाही. पण लोकांना आपला आकडा पाठ व्हायला वेळ लागतो आणि तो पाठ झाल्याशिवाय मजा येत नाही, म्हणून आम्ही दोनदाच काढतो, सुरुवातीला आणि पहिल्या शनिवार-रविवारनंतर स्वीट सिक्स्टीनच्या आधी. ४८ मॅचेस एका आकड्यावर, १५ दुसऱ्यावर. मोठी बक्षीसं नंतरच्या मॅचेसना असल्यामुळे कोरडे राहिलेले लोक दुसऱ्या ड्रॉला आवर्जून येतात. पण हे पैसे घेताना सांगितलेलं असलं पाहिजे, मधेच ठरवलं तर ज्यांचे आकडे चांगले चाललेत ते ऐकणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच असेल.

पुणे_ते_पर्ड्यू
आकडा पाठ असण्याबद्दल. २०१९ ची सेमीफायनल, व्हर्जिनिया आणि ऑबर्न. ०.६ सेकंद उरलेत, ऑबर्न ६२-६० ने पुढे, आणि व्हर्जिनियाच्या काइल गायला तीनचा शॉट मारताना फाउल झाला, तीन फ्री थ्रो. त्या क्षणाला २-० वाला माणूस जिंकतोय. पहिला गेला, ६२-६१, आता २-१ वाला. दुसरा गेला, ६२-६२, आता कोणीच नाही, ओव्हरटाइमच्या गप्पा. मधे टाइमआउट. तिसरा गेला, ६३-६२, आणि ३-२ वाली ही आमच्या मित्राची आई, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेली, तिला फ्री थ्रो म्हणजे काय ते त्या संध्याकाळीच समजावलं होतं. तीन वेळा बॉल रिंगमधून गेला आणि दर वेळी घराचा निकाल बदलला. हे ब्रॅकेटमधे होत नाही.

शार्लटची_सई
अगदी! शेवटच्या मिनिटात मागे असलेली टीम मुद्दाम फाउल करते ना घड्याळ थांबवायला, त्यामुळे मॅचचा निकाल लागलेला असला तरी घराचा लागलेला नसतो. आठ पॉइंट्सने हरणाऱ्या टीमने शेवटच्या सेकंदाला उगाच तीनचा मारला की दुसऱ्याच घरवाल्याची लॉटरी.

ढोलताशा
महिलांच्या स्पर्धेचा तक्ता कोणी करतं का? आमच्या आयोवात केटलिन क्लार्कपासून (आयोवाच्या कॉलेज टीमची खेळाडू) घराघरात महिलांच्या मॅचेस लागतात, २०२४ ला तर महिलांच्या फायनलला टीव्हीवर पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त प्रेक्षक होते.

खडूफळा
जरूर करा, पद्धत तीच. महिलांच्या स्पर्धेतही ६८ टीम आहेत २०२२ पासून, म्हणजे ६३ मॅचेसचा हिशोब आणि वरचं वाटप जसंच्या तसं चालतं. एकच फरक लक्षात ठेवा, त्यांचे दहा मिनिटांचे चार क्वार्टर असतात, पुरुषांचे वीस मिनिटांचे दोन हाफ. म्हणजे सई म्हणतात तसं मधलं बक्षीस ठेवायचं असेल तर फायनलला प्रत्येक क्वार्टरला ठेवता येईल, सुपर बोलसारखं. २०२४ ची फायनल साउथ कॅरोलायना ८७, आयोवा ७५, घर ७-५. आमच्याकडे यंदा दोन्ही तक्ते करायचा विचार आहे, घर ५ डॉलरचं करून, म्हणजे दोन्हीत मिळून तेवढेच पैसे.

अण्णा_एडिसन
मुलांच्या बिनपैशाच्या तक्त्याचं शीट इथे देता येईल का? नातू आठ वर्षांचा आहे, त्याला बेरीज-वजाबाकीचा कंटाळा आणि बास्केटबॉलचं वेड.

खडूफळा
अण्णा, नक्की. विपूत (विचारपुशीत) लिंक पाठवतो, कॉपी करून घ्या. मुलांच्या शीटमधून नाव आपोआप यायचा फॉर्म्युला काढून टाकलाय, स्कोअर बघून घर त्यांनीच शोधायचं आणि रंगवायचं.